जुन्या विमानाचा परवाना: कापड चढवण्याआधीची कामं

टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलच्या आराखड्याला मिळालेली अधिकृत मान्यता) नसलेलं, कापडाने मढवलेलं जुनं हलकं विमान हाती आलं की बहुतेकांना आधी इंजिन सुरू करून बघायचं असतं. मी प्रत्येकाला सांगतो, आधी डेटा प्लेट, म्हणजे विमानावर बसवलेली ओळखीची पट्टी, शोधा. त्यावरचा सिरियल नंबर लॉगबुकांशी आणि नोंदणीच्या कागदांशी जुळला पाहिजे. जुळत नसेल तर तो गुंता सुटेपर्यंत पैसा ओतू नका.

अशा विमानाला पूर्ण उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र सहसा मिळत नाही. मिळतं ते मर्यादित परमिट. १९४४च्या शिकागो करारातली परस्पर मान्यता त्याला लागू नसते, त्यामुळे सीमेपलीकडे उडायचं तर त्या देशाची संमती लागते.

मग परमिटसाठी विमान तपासणारे इन्स्पेक्टर. जुन्या कापडाची एकही शिवण उसवण्याआधी त्यांना बोलवा. ते जे उघडं बघतील त्यावरच सही करतील. घाईने नवं कापड चढवलंत तर ते पुन्हा फाडावं लागेल, म्हणून प्रत्येक टप्प्याचे फोटो तारखेसह ठेवा.

माझा सर्वात जास्त वेळ लाकडात जातो. जुन्या पंखांत केसीनचा सरस असतो. तो दुधातल्या प्रथिनापासून बनतो आणि ओलीने कुजतो, त्यामुळे वरून घट्ट दिसणारा सांधा पातळ पात्यानेही सुटतो. स्पारवर, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळईवर, टॉर्च आडवी धरा. दाबाने पडलेली चीर लाकडाच्या रेषांना आडवी, केसाएवढी असते आणि समोरच्या उजेडात दिसतच नाही. ती दिसली की स्पारचा निर्णय इन्स्पेक्टरवर सोडा, सरस भरून झाकू नका. सांगाडा स्टीलच्या नळ्यांचा असेल तर शेपटीकडच्या खालच्या नळ्या आधी तपासा, पाणी तिथेच साचतं आणि गंज आतून खातो. कंट्रोल केबलवरून फडकं फिरवा, तुटलेली तार धागा पकडते. जुने रबरी इंधन पाइप सरळ बदला.

वजन तीन काट्यांवर, शेपूट उचलून, विमान उड्डाणाच्या पातळीत ठेवून करा. गुरुत्वमध्याच्या मर्यादा मूळ आराखड्यातून घ्या. आराखडा नसेल तर त्या ठरवणं डिझाइन इंजिनियरचं काम आहे, अंदाज चालणार नाही.

चाचणी उड्डाणाची वेगळी परवानगी हातात आल्यावर, त्या धाटणीचं विमान उडवलेला पायलट एकटा बसवा. चढण्याचा दर, स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान उचलून धरू शकत नाहीत), कमाल वेगाला कंट्रोल कसे वागतात, जे दिसेल तेच लिहा. कागदपत्रांसोबत हेच आकडे अर्जाला जोडायचे असतात.