ॲलर्जीची टेस्ट करताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे समोर येईल ते पॅकेज घेणं. उत्तर युरोपात बर्च झाडाचे परागकण लोकांना छळतात, अमेरिकेत रॅगवीड नावाच्या तणाचे, जपानात सुगी नावाच्या देवदारासारख्या झाडाचे. हीच नावं भरलेल्या यादीवर पुण्याच्या माणसाची टेस्ट केली आणि सगळं निगेटिव्ह आलं, तर त्यात नवल काय? आपल्याकडच्या यादीत धुळीतले माइट (नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव), झुरळ, बुरशी, गाजरगवत, वेडी बाभूळ आणि इथली गवतं हवीत. पैसे भरण्याआधी ती यादी मागून वाचा.

त्यातही कोकण आणि मराठवाडा एका मापाने मोजू नका. माइट पाणी पीत नाहीत, हवेतली ओल शोषून जगतात. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली की ते तग धरत नाहीत. म्हणून रत्नागिरीच्या गादीत ते बारमाही सुखात असतात, परभणीच्या कोरड्या उन्हाळ्यात नाही. पण बंद खोलीत कूलर लावला की तिथेही ओल येतेच! दमट भागात ब्लोमिया नावाचा माइटही तपासलेला बरा.

गाजरगवताचा घोळ वेगळाच. हे तण पुण्यात १९५५च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत आलं आणि मग देशभर पसरलं. त्याने शिंका येतात, तशीच पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या खळग्यात खाजरी पुरळही उठते. शेतात राबणाऱ्यांना हा त्रास जास्त. ही पुरळ टोचून करायच्या टेस्टमध्ये बहुधा सापडत नाही. त्यासाठी पाठीवर पट्टी चिकटवून दोन दिवस ठेवतात आणि नंतर त्वचा पाहतात. 'रिपोर्ट निगेटिव्ह आहे' म्हणून पुन्हा खुरपणीला जाऊ नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

टोचून करायच्या टेस्टच्या आठवडाभर आधी सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद कराव्या लागतात, नाहीतर टोचलेल्या जागी गांधी उठतच नाही. दम्याचा पंप मात्र आपल्या मनाने सोडायचा नाही.

गांधी उठली म्हणजे आजार, असंही नाही. शरीराने तो पदार्थ ओळखून ठेवलाय, एवढंच त्यातून कळतं. झुरळाला पॉझिटिव्ह असूनही एखाद्याला काहीच होत नाही. त्रास कुठे, कधी, कोणत्या महिन्यात होतो याची नोंद घेऊन जा. नुसता रिपोर्ट बघून वांगी, शेंगदाणे, दूध बंद करणारे मला तरी पटत नाहीत.

नोकरीसाठी लंडन किंवा शिकागोला गेलात, तर इथला जुना रिपोर्ट तिथे फारसा कामाचा नाही. पहिले दोन-तीन वसंत ऋतू निवांत जातात आणि मग अचानक नाक गळू लागतं. तेव्हा तिथल्या परागकणांची टेस्ट नव्याने करून घ्या.