बटण बंद, तरी एलईडी मंद पेटतो: माझा अनुभव

गिरगावातलं जुनं घर. टेबल लॅम्पचा थ्री-पिन प्लग सॉकेटमध्ये, बोर्डावरचं बटण बंद, तरी रात्री एलईडी मिणमिणायचा. बल्ब बदलला. लोहार चाळीतून नवा होल्डर आणला. फरक शून्य, डोक्याला ताप मात्र भरपूर.

शेवटी प्लग काढला आणि बटण बंद ठेवूनच सॉकेटमध्ये टेस्टर घातला. डाव्या, म्हणजे न्यूट्रलच्या भोकात पेटला! म्हणजे फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) उलटे. बटण न्यूट्रल तोडत होतं, फेज थेट लॅम्पपर्यंत जात होता, त्यातून झिरपणाऱ्या किंचित विजेवर एलईडी मिणमिणायचा. दिवा नेहमीसारखाच चालतो, ईएलसीबीही (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत नाही, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. धोका बल्ब बदलताना: आट्याच्या होल्डरची बाहेरची पितळी रिंग बटण बंद असतानाही जिवंत, म्हणजे शॉक देणारी.

लायसन्सवाल्या वायरमनने केलेला क्रम:

आधी मेन बंद, टेस्टरने खात्री, मग बोर्ड उघडला. फेज बटणात, बटणातून सॉकेटच्या उजव्या भोकात. न्यूट्रल थेट डाव्या. अर्थ वरच्या जाड भोकात. (समोरून पाहताना.) जुन्या वायरिंगमध्ये लाल-काळ्या रंगावर विसंबू नका, फेज कुठली ते टेस्टरनेच ठरवा. नंतर प्लग उघडून त्यातल्या वायरी एल-एन (एल म्हणजे फेज, एन म्हणजे न्यूट्रल) खुणांप्रमाणे आहेत का तेही पाहिलं, कारण तिथे उलटं असेल तर सॉकेट सुधारूनही बटण चालू असताना बाहेरची रिंग जिवंतच राहते.

मेन चालू केल्यावर: बटण चालू, फक्त उजवीकडे टेस्टर पेटतो. बटण बंद, कुठेच नाही. मिणमिण बंद.

दोन पिनांचा प्लग मात्र कसाही बसतो, तिथे बल्बला हात लावण्याआधी प्लगच उपटा.