सांदवाडीतला शिक्रा आणि आपल्या चुका

आमच्या आर्वी तालुक्यात फेब्रुवारी संपत आला, की पऱ्हाटी उपटून शेते मोकळी होतात, सांदवाडीतल्या, म्हणजे घरामागच्या परसातल्या, मांडवावरचा वाल वाळतो आणि त्याच सुमारास माझ्या ओसरीवर तक्रारी येऊ लागतात. कोणाची कोंबडीची पिल्ले शिक्र्याने, म्हणजे एका लहान शिकारी पक्ष्याने, नेलेली असतात, कोणाच्या मांजरीच्या पिल्लावर घार झेपावलेली असते, तर कोणाच्या पिंजऱ्यातला लव्हबर्ड रक्तबंबाळ झालेला असतो. गेली वीस-बावीस वर्षे मी कोंबड्या, ससे आणि मांजरे एकाच अंगणात सांभाळत आलो असल्यामुळे लोक मला विचारतात आणि मीही सांगतो. परंतु दर वर्षी त्याच चुका नव्या माणसांकडून होताना पाहून आता कंटाळा आला आहे, म्हणून एकदाचे लिहून ठेवतो.

हा हंगाम उगाच येत नाही. घारीची वीण हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालते आणि शिक्र्याची साधारण मार्च ते जून या काळात असते. म्हणजे ज्या दिवसांत त्यांच्या घरट्यात भुकेली तोंडे वाढतात, नेमक्या त्याच दिवसांत आपल्या अंगणातला आडोसा वाळून गेलेला असतो. पावसाळ्यात दोडक्याच्या वेलाखाली बिनधास्त फिरणारी पिल्ले मार्चमध्ये उघड्या मातीवर दुरून दिसतात. पक्ष्यावर राग काढण्याआधी स्वतःचे अंगण एकदा वरून कसे दिसत असेल, याचा विचार फार थोडे लोक करतात.

चोर न ओळखता बंदोबस्त करणे

माझ्या मते ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका तरुणाने दोन वर्षांपूर्वी तीन पांढरे ससे आणले. एका सकाळी त्यांतला एक मानेवर चावा घेतलेल्या अवस्थेत मेलेला सापडला. तो धावतच माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काकाजी, त्या निंबावरच्या शिकऱ्यानंच मारला जी. मी रोज पायतो त्याले तिथं बसलेला.” मी त्याला थांबायला सांगितले, परंतु थांबणे हा आजच्या पिढीचा गुण नव्हे. त्याने त्याच दिवशी खुराड्यावर नवी जाळी ठोकली. तिसऱ्या दिवशी दुसरा ससा गेला.

शिक्रा हा कबुतराएवढा पक्षी आहे आणि त्याचे वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. दोन किलोचा ससा त्याला मारवत नाही, उचलवत तर मुळीच नाही, आणि अंधार पडल्यावर तो शिकारही करीत नाही. त्या संध्याकाळी मी चुलीतली राख चाळून खुराड्याभोवती हातभर रुंद पट्ट्यात पसरली आणि खराट्याने सारखी केली. सकाळी राखेत गोल, नखांची खूण नसलेली पावले स्पष्ट उमटली होती. कुत्र्याच्या आणि मुंगसाच्या पावलांत नखे उमटतात. मांजर नखे आत ओढून चालते. पावले थेट खुराड्याच्या दारापर्यंत गेली होती. दाराला कडी होती, पण ती नुसती अडकवलेली होती आणि पंजाने ओढली की सुटत होती. वरची जाळी अगदी शाबूत होती. एका तारेच्या पिळाने जे काम झाले असते, त्यासाठी दोन जीव गेले.

म्हणून आधी जागा पाहावी. घार पिल्लू उचलून उडून जाते, मागे काहीही ठेवत नाही. फक्त संख्या कमी होते. शिक्रा बहुधा जवळच्या आडोशाला बसून पिसे उपटतो, त्यामुळे एखाद्या फांदीखाली किंवा कुंपणाच्या कोपऱ्यात पिसांचा छोटा ढीग सापडतो. मुंगूस दिवसा येते आणि अनेकदा गरजेपेक्षा जास्त मारते. रात्रीचा हल्ला असेल, तर संशय मांजर, रानमांजर किंवा उदमांजर यांच्यावर घ्यावा. नाल्याच्या दरडीत राहणारे मोठे शृंगी घुबड रात्री उघड्यावर राहिलेल्या सशाला धरू शकते, आणि रानालगतच्या गावांत मोरघार मोठ्या कोंबडीलाही भारी पडते. बाकी आपल्या वाडीत ज्यांच्यावर आळ येतो, त्यांतले निम्मे निर्दोष असतात. तुरीच्या शेतावर एकाच जागी पंख फडफडवत थांबणारी पांढुरकी कापशी तर उंदरांवर जगते. तिला दगड मारणारा शेतकरी स्वतःच्याच धान्याचा शत्रू आहे.

घार आणि शिक्रा यांत गोंधळ होत असेल, तर शेपटी पाहावी. घारीची शेपटी टोकाला दुभंगलेली असते आणि ती उंच, मोकळ्या आकाशात घिरट्या घालते. शिक्रा घिरट्या घालताना क्वचितच दिसतो. तो पानांत दडून बसतो आणि दोन-चार वेळा पंख मारून, मग तरंगत, जमिनीलगत झपकन येतो. घार दिसते म्हणून लोक घारीला घाबरतात. मला न दिसणाऱ्या शिक्र्याची जास्त धास्ती वाटते.

सैल जाळी

ही चूक मी स्वतः केलेली आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी एका खुडूक कोंबडीखाली अकरा पिल्ले निघाली होती आणि पहिल्याच आठवड्यात त्यांतली तीन नाहीशी झाली. एका ओळखीच्या माणसाकडे मासे धरण्याची जुनी नायलॉनची जाळी पडून होती. ती मी फुकट मिळाली म्हणून आणली आणि गोठ्याच्या वळचणीपासून बोरीपर्यंत नुसती टाकून दिली. मधोमध तिला झोळ आला होता आणि कडा जमिनीवर लोळत होत्या. अर्ध्या तासात काम उरकले म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

चौथ्या दिवशी दुपारी बोरीवरच्या कोतवाल पक्ष्यांनी आरडाओरडा सुरू केला. जाऊन पाहतो, तर शिक्रा त्या झोळात उलटा लटकत होता. एक पंख आणि एक पाय अडकला होता आणि तो जितका फडफडे, तितका धागा आवळला जात होता. मी दुपट्टा टाकून त्याला झाकले. डोळे झाकले गेले, की असा पक्षी बराच शांत होतो, हे मला ऐकून माहीत होते. पण मोकळ्या पायाची नखे बांधून घ्यायचे मला सुचले नाही आणि ती सरळ माझ्या अंगठ्याच्या मुळाशी रुतली. सोडवण्यासाठी हात ओढला की पकड वाढते. शेवटी बायकोने शिवणाच्या कात्रीने एकेक धागा कापला आणि मी पाऊण तास तसाच उकिडवा बसून राहिलो. त्याच्या पायाला धागा चामडीत शिरेपर्यंत करकोचला होता. त्याला भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवून आम्ही वनरक्षकाला बोलावले आणि तो पक्षी घेऊन गेला. पुढच्याच आठवड्यात जाळीच्या लोळणाऱ्या कडेत एक धामण अडकून मेलेली सापडली. आमच्या कणगीभोवतीचे उंदीर तीच आवरत होती. त्या वर्षी उंदरांनी तुरीची दोन पोती फोडली, तेव्हा फुकटच्या जाळीची खरी किंमत कळली.

तेव्हापासून मी मोकळ्या आकाशाला जाळी लावीत नाही. बांबूची सहा फूट लांब आणि चार फूट रुंद चौकट करून तिच्यावर एक इंची भोकांची, षट्कोनी विणीची कोंबडीजाळी इतकी ताणून ठोकतो, की हाताने दाबली तर दोन बोटांपेक्षा जास्त खाली जाऊ नये. ताणलेल्या जाळीवर पक्षी आपटतो आणि उडून जातो; सैल जाळीत तो अडकतो. खालच्या कडेला बाहेरून वीतभर जाळी जमिनीवर पसरून तिच्यावर चपटे दगड ठेवतो, म्हणजे उकरणाऱ्यांचाही बंदोबस्त होतो. ही चौकट दोन माणसे उचलून रोज नव्या जागी ठेवू शकतात. तिचा अर्धा भाग तुराट्यांनी झाकलेला असतो. या झाकणासाठी पत्रा वापरणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, की आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखालचा ससा शिकाऱ्याआधी उष्म्यानेच मरतो.

चौकट करायला एक अख्खी सकाळ लागते. “काकाजी, लवकर होईल असं काही सांगा,” असे म्हणणाऱ्याला मी चहा पाजून परत पाठवतो.

बाजारातली रंगीत पिल्ले

आठवडी बाजारात गुलाबी आणि हिरव्या रंगात बुडवलेली पिल्ले मिळतात आणि लेकरू हट्ट करते म्हणून लोक ती चार-पाच घेऊन येतात. घरी आणून ती दुपारी अंगणात सोडली जातात आणि संध्याकाळी त्यांतले एक उरते. रंग हा त्यातला लहान दोष आहे. मोठा दोष असा, की त्यांना आई नसते. कोंबडीला वरचा आणि खालचा धोका वेगळा कळतो, आणि ती तो वेगळ्या आवाजात सांगते. आकाशात काही दिसले की एकच ताणलेला सूर निघतो आणि पिल्ले जागच्या जागी आडोशाला दबून बसतात; मांजर किंवा मुंगूस दिसले की तुटक, पुन्हा पुन्हा ‘कॉक्-कॉक्’ असा गलका होतो. ज्यांनी आईखाली एक दिवसही काढला नाही, ती पिल्ले सावली अंगावरून गेली तरी उघड्यावर चिवचिवत उभी राहतात.

आणायचीच असतील, तर एक-दोन दिवसांची आणावी आणि घरात अंड्यांवर बसलेली खुडूक असेल, तेव्हाच आणावी. रात्री अंधारात, दिवा न लावता, एकेक पिल्लू तिच्या पंखाखाली सरकवावे. सकाळी बहुतेक कोंबड्या ती आपलीच समजतात. दिवसा ठेवली तर ती टोचून मारते, हे मी पाहिले आहे. त्यानंतरही सहा ते आठ आठवडे त्यांना चौकटीबाहेर काढू नये. माझ्याकडे बाहेर सोडण्याची वेळ ठरलेली नाही. घरातले कोणी तरी सांदवाडीत भांडी घासत किंवा तूर पाखडत बसलेले असते, तेवढाच वेळ ती बाहेर असतात.

पिंजरा टांगण्याची जागा

लव्हबर्डचा पिंजरा ओसरीच्या मधोमध, चहूबाजूंनी उघडा टांगला, की शिक्रा त्याच्यावर येऊन आदळतो. आतले पक्षी घाबरून गजांना चिकटतात आणि तो गजांमधून नखे घालून त्यांना धरतो. पिंजरा भिंतीला टेकवून ठेवावा आणि दोन बाजू व वरचा भाग गोणपाटाने झाकावा, म्हणजे आतल्या पक्ष्याला मागे सरकायला जागा मिळते. पिंजऱ्यात आपल्याकडचा रानपोपट असेल, तर गोष्ट वेगळी आहे. तो पाळणेच कायद्याने गुन्हा आहे.

बाकीच्या चुका

जुन्या सीडी आणि चमकत्या पट्ट्या दोन-चार दिवस काम करतात. नंतर त्याच काठीवर शिक्रा बसलेला मी पाहिला आहे. लावायच्याच असतील, तर रोज जागा बदलावी, आणि रोज जागा बदलण्याचा उत्साह असेल, तर त्याऐवजी चौकटच हलवावी.

रविवारी मटणाचे अवशेष आणि माशांचे खवले उकिरड्यावर टाकून सोमवारी घारीला शिव्या देऊ नयेत. मी ते खड्ड्यात पुरतो.

पक्षी बसतो म्हणून निंब तोडणारे लोक कोतवालालाही हाकलतात. कोतवाल घरटे करून बसला, की तो घारीच्या पाठीवर चोची मारीत तिला गावाबाहेर घालवतो. अंगणावर झुकलेली एखादी वाळकी, उघडी फांदी तेवढी काढावी.

गुलेर (गलोल), फास किंवा विष यांचा विचारही करू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे हे शिकारी पक्षी संरक्षित आहेत. विष घातलेला तुकडा आधी आपलाच कुत्रा खातो, आणि विषाने मेलेला उंदीर उकिरड्यावर टाकला, तर तो खाऊन आपली मांजर जाते. जखमी किंवा अडकलेला पक्षी सापडला, तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवावा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे.

मांजरीची नुकती चालू लागलेली पिल्ले उन्हात शेकावी म्हणून गच्चीवर ठेवू नयेत. गच्चीवर आडोसा नसतो आणि घार अशा पिल्लांवर झेपावते.

शेवटची चूक हल्ल्यानंतरची आहे. शिकारी पक्ष्याच्या तावडीतून सुटलेल्या सशाला लोक उचलून पाहतात, रक्त दिसत नाही म्हणून खाली सोडतात, आणि चार दिवसांनी तो खाणे सोडतो. नखांची भोके सुईएवढी असतात, पण खोल असतात आणि केसांखाली झाकलेली राहतात. मी सशाला मांडीवर घेऊन, कोमट मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पाठीवरचे आणि मानेवरचे केस बोटाबोटाने दुभागून पाहतो. एक जरी भोक सापडले, तरी हळद भरत बसत नाही. झाकलेल्या टोपल्यात घालून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेतो, आणि जाताना टोपले मोटरसायकलवर मागे न बांधता कोणाला तरी मांडीवर धरायला सांगतो, कारण आधीच घाबरलेला ससा हादऱ्यांनीही दगावतो.