ट्रॅकर घेतलाय, आता तो मुलाच्या अंगावर टिकवायचा कसा आणि वेळ आली की वापरायचा कसा

आमचा मुलगा ऑटिस्टिक आहे, नऊ वर्षांचा, आणि तो हरवत नाही, तो निघून जातो. हा फरक आधी सांगते कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. हरवलेलं मूल रडतं, भांबावतं, लोकांच्या लगेच लक्षात येतं. आमच्याला लांबून एस्केलेटर दिसला की तो शांतपणे सरळ चालायला लागतो आणि आजूबाजूच्यांना वाटतं हा आपल्या घरच्यांच्या मागेच चाललाय. २०१२ मध्ये पीडिॲट्रिक्स या जर्नलमध्ये एक अमेरिकन अभ्यास आला होता, त्यात ४९ टक्के ऑटिस्टिक मुलांनी वयाच्या चार वर्षांनंतर निदान एकदा तरी असं निघून जायचा प्रयत्न केलेला होता. म्हणजे जवळजवळ निम्मी मुलं. तेव्हा आपलंच लक्ष कमी पडतं, आपणच वाईट आईबाबा आहोत, हे आधी डोक्यातून काढा.

दुसरी गोष्ट, ट्रॅकर, म्हणजे मूल कुठे आहे ते आपल्या फोनवर दाखवणारं छोटं यंत्र, मुलाला थांबवत नाही, तो फक्त शोधायचा वेळ कमी करतो, आणि तोही आपल्याला तो नीट वापरता आला तर.

अजून घेतला नसेल तर घेताना हे बघा. ॲपलचा एअरटॅग किंवा सॅमसंगचा स्मार्टटॅग असे जे छोटे टॅग असतात त्यांच्यात जीपीएस नसतंच. तो टॅग ब्लूटूथवरून जवळपासच्या अनोळखी लोकांच्या फोनना सिग्नल देतो आणि त्या फोनचं लोकेशन आपल्याला दिसतं, म्हणून गर्दीत तो भारी चालतो आणि सुनसान पायवाटेवर किंवा तळ्याकाठी, म्हणजे जिथे खरी गरज असते तिथे, जुन्याच जागेवर अडकून बसतो. ॲपलनेच सांगितलंय की एअरटॅग वस्तूंसाठी आहे, माणसांसाठी नाही. फायदा एवढाच की हलका असतो आणि सेल साधारण वर्षभर जातो. दुसरा प्रकार म्हणजे सिम कार्डवाला जीपीएस ट्रॅकर किंवा घड्याळ. तो स्वतःची जागा सॅटेलाइटवरून काढतो आणि मोबाइल नेटवर्कवरून पाठवतो, पण त्याला रिचार्ज लागतो, सारखं चार्जिंग लागतं, आणि बिल्डिंगच्या आत गेलं की तो वायफाय आणि टॉवरवरून अंदाजाने जागा दाखवतो, मजला तर सहसा कळतच नाही. माझं मत विचाराल तर निघून जाणाऱ्या मुलासाठी सिमवालाच घ्या, आणि जमलं तर जोडीला टॅग.

एक मात्र नक्की बघा, मूल वस्तू तोंडात घालत असेल तर स्क्रूने बंद होणारी केस असल्याशिवाय टॅग देऊच नका. त्यातला चपटा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आत गंभीर भाजू शकतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट इमर्जन्सी गाठायची.

अंगावर टिकवणं हे सगळ्यात अवघड, आमचे दोन महिने त्यातच गेले. घड्याळ त्याने वीस मिनिटांत काढून बाकाखाली ठेवलं, पट्टा टोचत होता. दुसरा मऊ पट्टा आणला तर तो चावायला लागला. शेवटी मी त्याच्या जुन्या मऊ झालेल्या टीशर्टच्या कापडाचा छोटा खिसा शिवला, पँटच्या कमरेला आतल्या बाजूने, बरोबर मागे मधोमध, शिवण बाहेरच्या बाजूला म्हणजे अंगाला लागत नाही, आणि वर एक बटण. तिथे त्याचा हात सहज जात नाही. पहिले चार दिवस त्यात नुसता घडी केलेला रुमाल ठेवला, मग ट्रॅकर पण फक्त घरात, त्याचं आवडतं कोडं सोडवताना दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग जिन्यापर्यंत. घाई केली असती तर ती पँटच त्याने कायमची नाकारली असती. त्याला चित्राचं कार्डही दाखवतो, हे खिशात असलं की आईला तू कुठे आहेस ते कळतं. बोलत नाही म्हणून कळत नाही असं नसतं, आणि चोरून लावलेली वस्तू सापडली की विश्वास जातो तो वेगळाच.

सेटिंगमध्ये बऱ्याच जणांचं एक राहतं. बॅटरी वाचावी म्हणून बरेच ट्रॅकर दर काही मिनिटांनीच लोकेशन पाठवतात, ते बाहेर जायच्या दिवशी सगळ्यात कमी वेळाच्या सेटिंगवर किंवा लाइव्हवर टाका. अँड्रॉइड फोन असेल तर त्या ॲपसाठी बॅटरी सेव्हर बंद करा, नाहीतर फोनच ॲपला झोपवतो आणि अलर्ट येतच नाही. जिओफेन्सवर, म्हणजे ठरवलेल्या वर्तुळाबाहेर गेलं की वाजणाऱ्या अलार्मवर, शाळा आणि घरासाठी ठीक आहे पण फिरायला गेल्यावर विसंबू नका, तो वाजेपर्यंत मूल बाहेर पडलेलं असतं. डिफॉल्ट पासवर्ड बदला, आणि गुपचूप आवाज ऐकायची सोय असेल तर ती बंद करा, जर्मनीने २०१७ मध्ये असल्या ऐकणाऱ्या घड्याळांवर बंदीच घातली होती. टॅग वाजवून बघायचा असेल तर आधी घरी वाजवा, आवाजाला घाबरणारं मूल त्या बीपनेच आणखी लांब पळेल.

निघताना दारातच त्या दिवशीच्या कपड्यांत एक फोटो काढा. मनगटावर किंवा बुटावर फोन नंबर असलेली पट्टी पाहिजेच, कारण ज्या माणसाला मूल सापडेल त्याला आपल्या ट्रॅकरचा काही उपयोग नाही. आणि लक्ष कोणाचं हे मोठ्याने बोलून ठरवा, "आता तू बघ", "हो, मी बघतोय". चार मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय.

एकदा बागेत तो दिसेना तेव्हा मी ॲप उघडलं, ठिपका गेटपाशी होता, मी गेटकडे धावत सुटले. तिथे कोणीच नव्हतं. मग खाली बारीक अक्षरात दिसलं, अपडेट सहा मिनिटांपूर्वी. सहा मिनिटांत तो दुसऱ्या टोकाच्या कारंज्यापाशी पोचला होता. तेव्हापासून आधी वेळ वाचायची, मग ठिपका, आणि लगेच रिफ्रेश. त्याच २०१२ च्या अभ्यासात काळजी वाटण्याइतका वेळ बेपत्ता झालेल्या मुलांपैकी २४ टक्के बुडण्याच्या आणि ६५ टक्के गाड्यांच्या धोक्यात सापडली होती. म्हणून आमच्यात एक जण फोन बघतो आणि दुसरा काही न विचारता आधी पाण्याकडे जातो, मग रस्त्याकडे. सिक्युरिटीला पहिल्याच मिनिटाला फोटो दाखवायचा आणि सांगायचं की नावाने हाक मारली तर तो ओ देणार नाही.

याची रंगीत तालीम करा. एकाने मुलाला घेऊन बागेच्या टोकाला जायचं, दुसऱ्याने फक्त ॲपवरून शोधायचं. एकदा मोकळ्यावर, एकदा बिल्डिंगमध्ये.

शाळेची सहल असेल तर टीचरना टॅगबद्दल आधी सांगा, नाहीतर त्यांच्या फोनवर अनोळखी टॅग तुमच्याबरोबर फिरतोय असा अलर्ट जाऊ शकतो. घरात सगळ्यांकडे आयफोन असतील तर आयओएस १७ पासून एक एअरटॅग आणखी पाच जणांशी शेअर करता येतो, तो करून ठेवा.

सापडल्यावर ओरडू नका, पाणी द्या, आणि शांत झालं की कुठून गेला, कुठे सापडला ते लिहून ठेवा. आमच्या वहीत सात नोंदी आहेत, त्यातल्या पाच एस्केलेटरच्या. आता मॉलमध्ये शिरलो की आधी एस्केलेटर, वर खाली चार फेऱ्या, आणि मग आमची कामं.