ग्रॅनाइटचे चर्च कसे पाहावे : अ‍ॅबरडीनचे सेंट मॅकर कॅथेड्रल

स्कॉटलंडमधील हे कॅथेड्रल पाहताना आधी पश्चिमेच्या दर्शनी भिंतीसमोर थोडे लांब उभे राहावे. दोन भक्कम, गढीसारख्या बुरुजांच्या मधोमध सात उंच, अरुंद खिडक्या दिसतात. नक्षी मात्र फारशी नाही, कारण ग्रॅनाइट इतका कठीण असतो की मध्ययुगीन पाथरवटाच्या छिन्नीला तो सहजी दाद देत नसे. बुरुजांवरील शिखरे वालुकाश्माची आहेत, हा फरक जरूर टिपावा.

आत गेल्यावर मान वर करावी. सुमारे १५२० सालच्या सपाट, ओक लाकडाच्या छतावर मानचिन्हे असलेल्या ४८ ढाली तीन रांगांत आहेत. ही चिन्हे कोणाची, ते असे : मधल्या रांगेत पोप व बिशप, एका बाजूस स्कॉटलंडचा राजा व सरदार, दुसऱ्या बाजूस युरोपातील सम्राट व राजे. पूर्वेला इमारत आखूड वाटते, कारण मधला मनोरा १६८८ मध्ये कोसळला.