मृगाआधी सांडवा मोकळा करा: खाजगी मातीच्या बांधांसाठी सल्ला

बाकीचं वाचायला सवड नसेल तर एवढंच करा. सांडवा म्हणजे तळ्यातलं जादा पाणी बाहेर जायची वाट; तिच्या तोंडात रचलेल्या मातीच्या गोण्या आजच काढा.

रब्बीला एखादं पाणी जादा मिळावं म्हणून परतीच्या पावसात या गोण्या लावल्या जातात. पुढच्या जूनपर्यंत त्या तशाच राहतात, त्यांवर बेशरमीची झुडपं माजतात. मग एका रात्रीच्या मुसळधार पावसात सांडव्याची वाट बंद मिळाली की पाणी माथ्यावरून उतरतं. माती वरून वाहणारं पाणी सोसत नाही; बाहेरचा उतार खरवडत खरवडत बांध उभा चिरतो. मी पाहिलेल्या फुटलेल्या बांधांत माती वाईट असल्याचं क्वचितच आढळलं. सांडवा बुजलेला किंवा गोण्या-माती टाकून उंच केलेला मात्र बहुतेक ठिकाणी होता.

धरण सुरक्षा कायदा, 2021 हा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटरमधली धरणं काही अटींवरच येतात, जसे माथ्याची लांबी निदान 500 मीटर किंवा साठा निदान 10 लाख घनमीटर. तुमचा पाच-सहा मीटरचा बांध त्यात बसत नाही, म्हणून तपासणीला कोणी येईल याची वाट पाहू नका. धोक्याचा वर्ग बांधाच्या तब्येतीवरून ठरत नसतो, फुटल्यावर खाली काय सापडेल यावरून ठरतो. केनियातल्या सोलाईला मे 2018 मध्ये एका खाजगी मळ्याचं मातीचं धरण फुटलं आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. ओढ्याकाठाने दोन किलोमीटर खाली चालत जा. रात्री माणूस झोपतो असं एक घर जरी पुराच्या वाटेत असलं, तरी तुमचा बांध धोक्याचा समजा.

मृगाआधीची कामं:
- सांडव्यातला गाळ, झुडपं, मासे धरायची जाळी काढणे
- गवंड्याच्या लेव्हल नळीने माथा तपासणे. सांडवा भरून वाहतानाही खचलेल्या जागी पाण्यापासून माथ्यापर्यंत 1 मीटर मोकळं राहावं
- घळी 15 सेंमीच्या थरांनी, ओलवून, धुमसून भरणे
- रोपटी छाटणे. मोठं झाड आता मुळासकट उपटू नये
- घुशींसाठी दोन-तीन दिवस साधं आमिष, मग 96 भाग भरड धान्य, 2 भाग तेल, 2 भाग झिंक फॉस्फाइड; हातमोजे घालून, बिळाच्या आत, पाण्यापासून आणि जनावरांपासून दूर

मे महिन्यात बाहेरच्या पायथ्याला एकच हिरवा पट्टा दिसला, तर माझ्या अंदाजाने तिथे पाझर आहे. पाझर नितळ असेल तर खूण करून रोज बघा. गढूळ झाला की आतली माती निघाली. चिपळूणजवळचं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं. त्याची गळती गावकऱ्यांनी आधीच दाखवली होती.

दुकानदार गळती बंद करणारी पावडर पुढे करेल. ती घेऊ नका. बाहेरून चिखलाने लिंपूही नका, दाबलेलं पाणी दुसरीकडून फुटतं. आधी जाड वाळू, वर खडी, वर दगड टाका, म्हणजे पाणी निघेल आणि माती थांबेल. लगेच जलसंधारण विभागाच्या अभियंत्याला बोलवा. साठा नळाने हळूहळू उतरवा. एकदम उतरवलात तर आतला उतार घसरतो.

पाणी माथ्यापासून हातभर राहिलं किंवा पाझर गढूळ झाला, तर आधी खालच्या घरांना उठवा, मग तहसीलला फोन करा. भरावात चर खणू नका. त्या घरांचे नंबर आजच लिहून पंपघरात लावा.