हूकर ते प्रशिक्षक : रग्बीत नव्याने शिकवू पाहणाऱ्यांसाठी

रग्बी युनियनमध्ये तिशी उलटली की खेळाडूला आवरते घ्यावे लागते आणि प्रशिक्षक होण्याचा विचार बहुधा तेव्हाच सुचतो. माझ्याकडे विचारणा करणाऱ्यांना मी मात्र सांगतो की, क्लबाकडून खेळत असतानाच लहान मुलांचा एखादा गट शिकवायला घ्यावा, कारण अंगवळणी पडलेले कौशल्य शब्दांत मांडता येण्यास पुष्कळ काळ लागतो.

या बाबतीत वॉरन गॅटलंड यांची वाटचाल नामवंत कर्णधारांच्या चरित्रांपेक्षा मला अधिक उपयोगी वाटते. न्यूझीलंडच्या वायकाटो संघाचे हे हूकर (पुढच्या रांगेतला मधला खेळाडू) ऑल ब्लॅक्सकडून, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाकडून, 17 सामने खेळले, पण त्यांतला एकही कसोटी सामना नव्हता. त्यांच्या जागेवर शॉन फिट्झपॅट्रिक होते आणि त्या काळी कोणी जायबंदी झाल्याशिवाय राखीव खेळाडू उतरवता येत नसे. खेळ बाहेरून पाहण्याची सक्ती त्यांच्या पथ्यावर पडली असावी, असे माझे मत आहे. आयर्लंडमध्ये गॉलवेच्या क्लबात ते खेळाडू-प्रशिक्षक झाले, पुढे कॉनाक्ट हा प्रांतिक संघ आणि मग आयर्लंडचा राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे आला. 2001 मध्ये ते पद गेले. त्यानंतर त्यांच्या वॉस्प्स या इंग्लिश क्लबाने 2003 ते 2005 अशी सलग तीन वर्षे इंग्लंडचे विजेतेपद मिळवले आणि त्यांच्याच हाताखाली वेल्सने 2008, 2012 व 2019 मध्ये ग्रँड स्लॅम साधला, म्हणजे युरोपातील सहा देशांच्या स्पर्धेतले सर्व सामने जिंकले. त्याच वेल्सचे पद दुसऱ्या खेपेस, सलग 14 कसोटी पराभवांनंतर, फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांना सोडावे लागले. या पेशात नारळ मिळणे हे गृहीतच धरावे.

मीही हूकरच होतो, तेव्हा स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांच्या पुढच्या खेळाडूंनी खांदे भिडवून करायची रेटारेटी, शिकवणे सोपे जाईल असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात 2013 पासून पंचांचा पुकारा ‘क्राउच, बाइंड, सेट’ (वाका, पकडा, भिडा) असा झाला आणि दोन्ही संघांचे प्रॉप (हूकरच्या डाव्या-उजव्या बाजूचे खेळाडू) धडकेपूर्वीच एकमेकांची जर्सी पकडू लागले, त्यामुळे जुन्या पद्धतीने तयार झालेल्यांना आधी स्वतः नव्याने शिकावे लागले. शिवाय 19 वर्षांखालील सामन्यांत स्क्रम दीड मीटरपेक्षा पुढे रेटता येत नाही. मोठ्यांचे डावपेच मुलांपुढे मांडण्यात अर्थ नसतो.

सर्वाधिक वेळ टॅकलला, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडण्याला, द्यावा. प्रथम दोघेही गुडघ्यांवर, मग एक जण चालत, मग धावत, या क्रमाने न्यावे आणि प्रत्येक वेळी केवळ पाडणाऱ्याच्या डोक्याकडे पाहावे : गाल चेंडूवाल्याच्या कुल्ल्याला चिकटलेला आणि डोके त्याच्या मागच्या बाजूला हवे. ते पुढे राहिले तर धावणाऱ्याचा गुडघा थेट कानशिलावर बसतो. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी मुलाला बाहेर काढावे आणि त्या दिवशी पुन्हा उतरवू नये, मग पालक कितीही गळ घालोत.

वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचा ‘रग्बी रेडी’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य आहे. तो पूर्ण करून लेव्हल 1 या प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमाकडे वळावे. आपल्याकडे केवळ रग्बी शिकवून घर चालवणारे थोडेच, म्हणून नोकरी एवढ्यात सोडू नये. शारीरिक शिक्षणाची पदवी असेल तर शाळेची वाट अधिक भरवशाची. जमल्यास पंचगिरीचेही शिक्षण घ्यावे, कारण रकमध्ये (जमिनीवरच्या चेंडूभोवतीच्या रेटारेटीत) शिट्टी का वाजली हे मुले सामन्यानंतर प्रशिक्षकालाच विचारतात.